चाकणचा पितळी बोल्ट

अष्टमीला सकाळी सहाच्या एसटीने मी आणि दादा करमाळ्याहून निघालो. माझ्या पिशवीत दोन साड्या, एक नारळ, लिंबू-मिरची आणि एक काळी बाहुली होती. कंडक्टरने पिशवी उचलून वर ठेवली तेव्हा बाहुलीचा पाय बाहेर आला. "मावशी, कुणावर करणी करायला चाललात की काय?" असं त्याने विचारलं. "ट्रकला बांधायचीय. आणि मावशी कुणाला म्हणता हो?" म्हणून मी त्याला गप्प केलं. दादा खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत होता. एवढं हसणं म्हणजे त्याच्या हिशेबाने खदाखदा हसणंच.

माझा दादा म्हणजे महादेव, ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे ट्रक चालवले. दरवर्षी दसऱ्याला मालकाची गाडी घासूनपुसून, झेंडूची माळ घालून, मालकाच्या दारात नारळ फोडून तो सायकलवर घरी यायचा. आमच्या दारात फक्त सायकलला हार असायचा. यंदा त्याने चाकणजवळच्या एका शेतकऱ्याचा वापरलेला ट्रक घेतला. ट्रक चौदा वर्षांचा, पण स्वतःचा. व्यवहार, कागदपत्रं सगळं आधीच झालं होतं, आता फक्त गाडी घेऊन यायची होती. "दसऱ्याला सकाळी गाडी आपल्या दारात उभी पाहिजे," एवढं एकच वाक्य दादा महिनाभर बोलत होता. आणि वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही बरोबर जा. हे गाडी बघतील, माणूस बघायचे नाहीत." म्हणून मी निघाले. शिवाय मला तिकडचा मुलूख बघायचा होताच, उगाच खोटं कशाला बोलू?

दुपारी वल्लभनगरच्या स्टँडवर उतरलो. आमची मामेबहीण नलू जवळच संत तुकाराम नगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. इथे निम्मा महाराष्ट्र राहायला आलाय असं वाटतं. खालच्या मजल्यावर लातूरकडचे, समोर कोकणातले, वरती जळगावचे. जिन्यातच फोडणीच्या वासावरून कोण कुठला ते ओळखू यावं. नलूने थालीपीठ आणि लोण्याचा गोळा पुढे ठेवला आणि आमचा बेत ऐकून कपाळाला हात लावला.

"उद्या खंडेनवमी! गाडी न्यायला बरा दिवस काढलात. उद्या इथे एक माणूस पान्याला हात लावायचा नाही. सगळी हत्यारं पूजेला बसतात."

"आम्हाला पाना कशाला लागतोय?" मी म्हटलं. "चावी फिरवायची नि यायचं."

तोंडाला लगाम नसला की असं होतं. हे वाक्य दुसऱ्या दिवशी दुपारी मला चांगलंच आठवलं.

नवमीला सकाळी भोसरीहून चाकणची बस पकडली. इतकी कारखान्यांची फाटकं मी आयुष्यात एकदम पाहिली नव्हती, आणि त्या दिवशी तर प्रत्येक फाटकाला आंब्याचं तोरण, पुढे रांगोळी. एरवी इथली माणसं शिफ्टच्या घाईत असतात म्हणे, पण आज कामगार बायकापोरांना घेऊन कंपनी दाखवायला चालले होते. बायकांच्या डोक्यात गजरे. एका गोदामापुढे माल उचलणारी छोटी गाडी उभी होती, तिच्या दोन्ही लोखंडी सोंडांना झेंडूच्या माळा आणि मध्ये ठसठशीत कुंकू. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडताना बसमधल्या दोघा-तिघांनी खिडकीतूनच हात जोडले, मीही जोडले. पूल संपला की पुन्हा फाटकं, कंटेनर आणि ट्रकच्या रांगा. दादा प्रत्येक ट्रककडे असा बघत होता, जसा नवरामुलगा दुसऱ्याच्या वरातीकडे बघतो.

बबनराव, म्हणजे ट्रकचे जुने मालक, चाकणपासून दोन मैलांवर राहतात. जुनं शेतकरी घर, अर्ध्या रानात आता कंपनी उभी आहे आणि उरलेल्या अर्ध्यात कांदा. अंगणात ट्रक उभा होता. निळा, नाकाडावर रंग उडालेला, पण काचा लख्ख. दादाने चपला काढल्या आणि मग त्याला हात लावला. मला एकदम भरून आलं, मी पदराने नाक पुसलं आणि धूळ फार आहे असं सगळ्यांना सांगितलं.

बबनरावांच्या घरी बाजरीची भाकरी, घेवड्याची भाजी आणि ठेचा झाला. निघताना ते दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "महादेवराव, एक सांगतो. चेंबरच्या (इंजिनाखाली तेलाची परात असते ती) बोल्टाला हात लावू नगा. थेंब-थेंब गळतंय, गळू द्या. आमी त्याला सुतळी गुंडाळून बशिवलाय. दिवाळी झाल्यावर सावकाशीनं काय ते करा. गाडी घरी जाईल, काय व्हनार न्हाई."

"बरं," दादा म्हणाला.

आता इथे मला थोडं स्पष्ट लिहू द्या. माझा भाऊ शहाणा आहे, निर्व्यसनी आहे, पण ड्रायव्हर लोकांच्या काही खुळचट समजुती असतात आणि त्या त्याच्या हाडात आहेत. त्यातली एक अशी की गाडी घरी पहिल्यांदा न्यायची ती आपल्या हाताने घातलेल्या तेलावर. दुसऱ्याच्या तेलावर आलेली गाडी दुसऱ्याचीच राहते म्हणे! मला हे ठाऊक नव्हतं. मी आपली वहिनींनी दिलेली गोधडी सीटवर पसरून राणीसारखी बसले होते. चाकणच्या अलीकडे रस्त्याकडेला गाड्यांच्या तेलाचं एक दुकान दिसलं. दादाने गाडी बाजूला घेतली, नव्या तेलाचा डबा घेतला, दुकानदाराकडून परात आणि पाना मागून घेतला आणि ट्रकखाली शिरला.

"अरे, ते बबनराव काय म्हणाले?" मी ओरडले.

"गळतंय म्हणूनच बघतो. गळकी गाडी रांगोळीवर उभी करू का?"

बोल्टाच्या डोक्याचे कोपरे झिजून गोल झाले होते, पाना नुसता सटकत होता. पण एकतीस वर्षांचे हात ते. पंधरा मिनिटांत बोल्ट निघाला. तेल परातीत आलं, काळंकुट्ट, आणि शेवटी बोल्टाबरोबर सुतळीचा गुंता आणि चांदीसारखा चमकणारा चुरा. दादा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. त्याने हाताचा तळवा पुढे केला.

"आटे गेले, सुमे." आटे म्हणजे बोल्टाला आणि भोकाला ज्या फिरत्या खाचा असतात त्या. त्याच झिजून बाहेर पडल्या होत्या. इतके दिवस तो बोल्ट सुतळीवर आणि देवावर अडकून होता. आता तो परत बसेना. कितीही फिरवला तरी गरगर फिरे आणि हात सोडला की खाली. नवं तेल डब्यात तसंच. तेल नाही तर इंजिन सुरू करायचं नाही, गाडी जागची हलायची नाही. आणि उद्या दसरा.

मी बोलले ते इथे लिहीत नाही. दुकानदारसुद्धा आत जाऊन बसला. बोलून झाल्यावर मी दादाकडे पाहिलं तर तो रस्त्याकडेला उकिडवा बसून बोल्ट फडक्याने पुसत होता, हळूहळू, जणू लहान मुलाचं नाक पुसावं तसा. मग माझा राग कुठे गेला कळलं नाही. "ऊठ," मी म्हटलं. "एवढ्या कारखान्यांच्या गावात एक बोल्ट मिळत नाही म्हणजे काय?"

दुकानदाराने सांगितलं की नुसता बोल्ट आणून भागणार नाही. भोकाला थोडे मोठे नवे आटे पाडावे लागतील आणि त्या मापाचा बोल्ट लेथवर (लोखंड-पितळ फिरवून कातणाऱ्या यंत्रावर) करून घ्यावा लागेल. मागच्या गल्लीत लेथवाले रांगेने आहेत. "पण आज..." म्हणून त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

पहिल्या दुकानात लेथ नव्या नवरीसारखा सजवून ठेवला होता. पाने, कानसी, हातोड्या, सगळं लाल कपड्यावर ओळीने मांडलेलं आणि प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट. मालक हात जोडून म्हणाला, "ताई, पूजा झाली. आता उद्या संध्याकाळपर्यंत हत्यार उचलायचं नाही. प्रसाद घ्या." शिरा दिला. दुसऱ्या दुकानात तेच, पेढा दिला. तिसऱ्यात एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांनी बोल्ट हातात घेऊन, चष्म्यावरून बघून चार मिनिटं हळहळ व्यक्त केली आणि पुन्हा शिरा दिला. चौथ्यात केळं आणि साखरफुटाणे. नकार एकाचाही कडू नव्हता, हीच पंचाईत. कुणी खेकसलं असतं तर भांडता तरी आलं असतं! तोंडात प्रसाद असताना भांडायचं कसं?

"आपलंच चुकलं," दादा म्हणाला. "आजच्या दिवशी मीच गाडीला पाना लावायला नको होता. त्यांचं बरोबर आहे."

"बरोबर आहे ना? मग उद्या वहिनींना सांग बरोबर आहे म्हणून."

गल्लीच्या टोकाला शेवटचं दुकान होतं, पत्र्याचं, एकच लेथ मावेल एवढं. आतून बाईचा आवाज येत होता. "दरसाली आपलीच पूजा शेवटाला! अख्ख्या गल्लीचा प्रसाद खाऊन झाला अन् तुम्ही आत्ता कुठं आंघोळ करून आलाव! लोकं काय म्हणत असतील?"

लेथ पुसत उभा असलेला माणूस ओल्या केसांचा, झोपेने डोळे सुजलेला. त्याचं नाव दत्ता. मूळचा धाराशिवकडचा, एका कंपनीत शिफ्टला जातो आणि सुट्टीच्या वेळी स्वतःचा लेथ चालवतो. काल ओव्हरटाइम करून आला आणि दुपारपर्यंत झोपून राहिला. बोलणारी त्याची बायको, शोभा. तिच्या हातात पूजेचं ताट होतं. हळद, कुंकू, झेंडू, दिवा, सगळं तयार. समोर लाल कपड्यावर हत्यारं मांडलेली.

मी पाहिलं. हत्यारांवर कुंकू नव्हतं.

दादाने बोल्ट पुढे केला आणि दोन वाक्यांत सांगितलं. उद्या दसरा, पहिलीच गाडी, दारात न्यायचीय. एवढंच. दत्ताने बोल्ट बघितला, हत्यारांकडे बघितलं, मग बायकोकडे. शोभाने ताटाकडे बघितलं.

"कुंकू लागायच्या आत हाय अजून," ती म्हणाली. "लागल्यावर मी हात लावू देणार न्हाई. जावा पटकन. मी थांबते."

मला वाटलं तिला तिथेच मिठी मारावी. दत्ताने लाल कपड्यावरून एक टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि त्याची मूठ उचलली, आणि दोघं ट्रककडे धावले. मी शोभाजवळ थांबले. दिवा विझू नये म्हणून तिने ताटाला पदराचा आडोसा केला होता. आम्ही बोलत बसलो. तिचं माहेर बार्शीजवळ, म्हणजे आमच्या शेजारचंच. तिने मला कडाकणी (घटावर टांगतात ती गोड कडक पुरी) दिली. इथे ती कुणाला माहीत नाही, लोक पापड समजतात, अशी तक्रारही केली.

दुकानात देवाचा एक फळकुटाचा कोनाडा होता. त्यात देवीच्या तसबिरीपुढे पितळेच्या छोट्या वस्तू ओळीने ठेवलेल्या. एक भोवरा, एक समई चिमणीएवढी, एक घंटी. शोभा म्हणाली, "पूजा झाली की ह्यांनी मशीन एकदाच फिरवायचं, मुहूर्ताला. त्यात एकच जॉब काढायचा अन् देवापुढं ठेवायचा. मग उद्यापर्यंत मशीन बंद. दरसाली एक वस्तू." मग जरा लाजून म्हणाली, "औंदा माझा करंडा व्हायचा हाय. तीन सालं मागं लागले तवा कुठं पितळ आणलंय." कोनाड्याखाली पितळेचा जाडसर तुकडा ठेवलेला होता, राखेने घासून चकचकीत केलेला.

मी मनातल्या मनात हिशेब केला. आटे पाडणं हाताचं काम होतं, ते कुंकवाच्या आधी उरकेल. बोल्ट मात्र लेथवर करायचा होता.

तासाभराने दोघं तेलाने माखून परत आले. दादा सांगत होता की दत्ताने टॅपला वंगण लावून, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे करत, चुरा आत पडू न देता कसे सुबक आटे पाडले. दत्ताने पितळेचा तुकडा उचलून पाहिला. "पूजेआधी लेथ लावला असता," तो म्हणाला, "पर बोल्टाला अजून पाऊणेक तास जाईल. दिवस कलायला लागलाय. पूजा आता करावीच लागंल. अन् पूजेनंतर एकच जॉब."

"मग एकच करा," शोभा म्हणाली.

"अगं, तुझा करंडा..."

"करंडा काय पळून चाललाय? त्यांचा दसरा पळून चाललाय."

"नको," दादा पटकन म्हणाला. "ताई, नको. तुमच्या देवाचं आहे ते. आम्ही राहतो इथेच, परवा जाऊ." आणि त्याने खरंच दारातली चप्पल घालायला सुरुवात केली. असा माणूस! दसऱ्यासाठी महिनाभर झुरला, आणि दुसऱ्याच्या करंड्यासाठी पाठ फिरवून चालू लागला. वहिनी काही म्हणोत, माणूसही बघतो तो.

शोभाने ताट दत्ताच्या हातात दिलं आणि दादाच्या आडवी उभी राहिली. "भाऊ, तुमी जुना बोल्ट तेवढा ठेवून जावा. माझ्या देवापुढची जागा मोकळी राहाया नको."

पूजा झाली. लेथला, पान्यांना, टॅपला, सगळ्यांना कुंकू लागलं. दादाने लेथपुढे डोकं टेकलं. मग दत्ताने बटण दाबलं आणि पितळ फिरायला लागलं. सोनेरी वळ्या सुटत खाली पडत होत्या आणि शोभा त्या गोळा करत होती. आम्ही चौघंही एकाच जागी बघत उभे. बोल्ट झाला, टोकाला सहा बाजू पाडलेला, आटे असे की बोट फिरवलं तर कंगव्यासारखे लागावेत. दत्ताने तो आधी देवीपुढे ठेवला, मग उचलून दादाच्या ओंजळीत दिला. त्याच्या जागी आमचा गोल झालेला, सुतळीच्या तंतूंचा जुना बोल्ट बसला, आणि शोभाने त्यालाही हळदीकुंकू लावलं. समई, घंटी, भोवरा आणि हे ध्यान. पण शोभत होतं, खरं सांगते.

बोल्ट एका दमात बसला. खाली तांब्याचा वॉशर, वरून नवं तेल. दादाने गाडी सुरू करून पाच मिनिटं खाली परात धरली. परात कोरडी. निघताना मी पिशवीतला नारळ शोभाच्या ओटीत घातला. आमच्या ट्रकपुढे फोडायला आणलेला होता, पण नारळ करमाळ्यातही मिळतात.

शिक्रापूरच्या रस्त्याला इतकी गर्दी होती की चालत गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. मी गोधडीवर बसून कडाकणी मोडून खात होते. ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना बाजरीची कापणी झालेली रानं. दादा गाणं म्हणत होता. माझ्या आठवणीत त्याने याआधी कधी गाणं म्हटलेलं नाही, आणि आवाजावरून कारणही कळलं. पण मी त्याला थांबवलं नाही. सोलापूर रस्त्याला लागल्यावर त्याने एकदाच विचारलं, "सुमे, तिला वाईट वाटलं असेल का गं?" मी म्हटलं, "वाटलं असेल. तरी दिला ना?" जेवणवेळ टळून गेल्यावर आम्ही घरी पोहोचलो. वहिनी दारातच उभ्या होत्या.

दसऱ्याला सकाळी वहिनींनी दारात ही मोठी रांगोळी काढली आणि दादाने त्यावर ट्रक आणून उभा केला. झेंडूची माळ नाकाडावर, माझी काळी बाहुली मागे, चाकांखाली लिंबं. शेजारीपाजारी गोळा झाले. वहिनींनी सगळीकडे कुंकू लावलं, काचेला, चाकांना, स्टिअरिंगला. आरती झाली आणि सगळे आपट्याची पानं वाटायला लागले, तेव्हा दादा माझ्याजवळ आला.

"सुमे, करंडा दे जरा."

मी दिला. नवीन पांढरा सदरा घातलेला माझा भाऊ सगळ्या गावासमोर ट्रकखाली आडवा शिरला. फक्त दोन पाय बाहेर. "अहो, सदरा!" वहिनी ओरडल्या. लोक हसायला लागले. "महादेवा, कुंकू पुढं लावायचं असतं रे, पोटाला नव्हं!" कुणीतरी म्हणालं. मी वाकून पाहिलं. तो त्या पितळी बोल्टाला कुंकवाचं बोट लावत होता, आणि लावून झाल्यावरही बोट तिथेच धरून पडून राहिला होता.

बऱ्याच वेळाने बाहेर आला. सदऱ्याच्या पाठीवर रांगोळीचे सगळे रंग, आणि डोळे वाहत होते.

"काय झालं हो?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. डोळ्यात तेलाचा थेंब पडला," दादा म्हणाला.

मी त्याच्या हातातून करंडा घेतला. ट्रकखालची रांगोळी मी आत्ताच पाहिली होती. त्याच्या पाठीने विस्कटली होती, पण तेलाचा एक डाग तिच्यावर नव्हता.